स्वतःच्या नावाचे बिल

ग्रंथालयाने बांधणीसाठी दिलेले अकरा खंड मी परत नेऊन दिले, तेव्हा ग्रंथपाल बाईंनी त्यातला एक उचलला, मधोमध उघडून टेबलावर ठेवला आणि हात काढून घेतला. खंड उघडाच राहिला. हाताने बांधलेल्या पुस्तकाची ही साधी परीक्षा आहे: शिवण फार आवळली गेली तर पुस्तक उघडे राहत नाही, आपोआप मिटते, सैल राहिली तर फर्मे, म्हणजे घडी घालून एकत्र शिवलेल्या पानांचे जुडगे, पुढे-मागे सरकतात. बाईंनी समाधानाने मान हलवली आणि म्हणाल्या, "छान झालंय काम. आता तुमचं बिल पाठवून द्या, म्हणजे मी अकाउंट्सकडे देते." मी हो म्हटले आणि बाहेर पडले; पण घरी पोहोचेपर्यंत मनात त्या खंडांऐवजी ते न लिहिलेले बिलच घोळत होते.

मी नोकरी करते. पुस्तके बांधणे हा माझा छंद आहे आणि तो सुट्टीच्या दिवशी, जेवणाच्या टेबलावर चालतो. तोवर जे काही बांधले होते ते ओळखीच्यांसाठी. कोणी पाकिटात पैसे घालून देत, कोणी पुठ्ठा आणि कापड आणून देत, आणि कागदावर काहीच लिहावे लागत नसे. बिल ही माझ्या मनात दुकानाने द्यायची, कंपनीने द्यायची वस्तू होती. तिला एक नाव लागते, शिक्का लागतो, कुठल्या तरी कार्यालयात झालेली नोंद लागते, असे मी धरून चालले होते. माझ्याकडे यातले काहीच नव्हते. कायद्याने मला बिल देता येते का, असा प्रश्न मी त्या रात्री स्वतःला विचारत होते, पण त्याच्या तळाशी दुसराच प्रश्न होता: हौसेने केलेल्या कामाचे पैसे लेखी मागण्याचा मला हक्क आहे का? हे दोन प्रश्न एकमेकांत इतके गुंतलेले असतात, की पहिल्याचे उत्तर मिळाले तरी माणूस दुसऱ्यापाशी अडून राहतो.

मी त्यावर जो उपाय काढला तो चुकीचा होता, आणि तो पुष्कळ जण काढतात म्हणून इथे सविस्तर सांगते. मी एक नाव तयार केले. आडनावाला ग्रंथबांधणीचा एक भारदस्त शब्द जोडला, वर पुस्तकाच्या कण्याचे छोटे रेखाचित्र काढले, खाली "करिता" लिहून सही केली आणि बिल पाठवून दिले. तीन आठवड्यांनी धनादेश आला. तो त्या नावाने होता, कारण बिलावर तेच नाव होते आणि संस्थेने बिलावरून जसेच्या तसे उतरवले होते. त्या नावाचे खाते कुठेही नव्हते. बँकेतल्या माणसाने धनादेश दोनदा वाचला, माझे पासबुक वाचले आणि तो परत केला. त्याचे बरोबरच होते. मग ग्रंथपाल बाईंना अर्ज लिहावा लागला, जुना धनादेश रद्द झाला, नवे व्हाउचर निघाले, त्यावर पुन्हा दोन सह्या झाल्या आणि पैसे हातात यायला आणखी दोन महिने गेले. माझ्या एका खोट्या आडोशामुळे तीन माणसांचे काम वाढले, याचे मला आजही वाईट वाटते. बाई रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "तुमच्या नावानंच दिलं असतंत तर चाललं असतं की."

या एका वाक्यात बाईंनी मला जे सांगितले, तेच जगातल्या बहुतेक व्यवस्थांचे मूळ तत्त्व आहे. एकटा माणूस स्वतःच्या नावाने काम करतो आणि त्याचे पैसे घेतो, तेव्हा तो माणूस आणि त्याचा व्यवसाय कायद्याच्या दृष्टीने वेगळे नसतात. याला एकल मालकी म्हणतात. कंपनी नोंदवल्यावर जन्माला येते. एकल मालकी काम केल्याने आपोआप अस्तित्वात येते. म्हणून स्वतःच्या नावाने दिलेले बिल हे पुरते खरे बिल असते. याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवायला हवी. कंपनीची देणी कंपनीची असतात, इथे मात्र सगळी जबाबदारी थेट माणसावर येते. माझ्या हातून एखादा दुर्मिळ खंड खराब झाला तर मध्ये कुठलीही भिंत नाही. त्यामुळे काम हाती घेतानाच पुस्तकाची अवस्था लिहून, फाटलेल्या पानांचे फोटो काढून समोरच्याला पाठवण्याची सवय मी लावून घेतली आहे.

"नोंदणी" हा एकच शब्द आपण निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरतो आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो. व्यवसायाच्या नावाची नोंदणी वेगळी, स्थानिक परवाना वेगळा, वस्तू आणि सेवा करासारख्या कराची नोंदणी वेगळी, आणि आयकर तर या सगळ्यांहून निराळा. तुम्ही बेनामी कामे करता का, असे कोणी विचारले तर आपण दचकतो, पण स्वतःचे नाव हे काही बेनामी नव्हे. काही कामांना मात्र परवान्यावाचून हात लावता येत नाही. विजेची जोडणी, औषधोपचार, खाद्यपदार्थ विकणे यांत हौशीपणाची सबब सहसा चालत नाही, आणि चालू नये. बांधणी, भाषांतर, चित्रे, छायाचित्रे, टंकलेखन, संगीताची शिकवणी अशा कामांत साधारणपणे तसा अडसर नसतो. नोकरी करणाऱ्याने आपल्या नेमणूकपत्रात बाहेरच्या कामाविषयी काय लिहिले आहे ते मात्र आधी वाचावे. मी ते सहाव्या बिलानंतर वाचले, आणि परवानगीचा अर्ज तेव्हा दिला.

वस्तू आणि सेवा कर किंवा व्हॅट ही गोष्ट उलाढालीवर ठरते. भारतात सेवा देणाऱ्याला वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांवर, काही राज्यांत १० लाखांवर गेली की सर्वसाधारणपणे नोंदणी करावी लागते. कॅनडात छोट्या पुरवठादाराची ही रेषा ३०,००० डॉलरवर आहे. हौसेने काम करणारा माणूस या रेषांपासून बहुधा फार दूर असतो. पण या रेषेच्या आत राहणाऱ्याने एक गोष्ट कटाक्षाने पाळायची असते: बिलावर हा कर लावायचा नाही. बिल अधिकृत दिसावे म्हणून कराची एक ओळ घालण्याचा मोह होतो, आणि हा मोह कल्पित नावाच्या मोहापेक्षाही घातक आहे. भारतीय कायद्यात नोंदणी नसलेल्याला हा कर वसूल करता येत नाही. युरोपीय संघाच्या २००६ च्या व्हॅट निर्देशातले २०३ वे कलम तर असे आहे, की जो कोणी बिलावर व्हॅट लिहील तो तेवढी रक्कम सरकारला देणे लागेल. लिहिले की देणे लागले. बिलावरचा प्रत्येक शब्द किती गंभीरपणे घेतला जातो, हे मला त्या कलमामुळे पहिल्यांदा नीट उमगले. आता मी तळाशी एक ओळ लिहिते: करनोंदणी लागू नसल्याने कर आकारलेला नाही. तेवढ्याने समोरच्या हिशेबनिसाचा पुढचा फोन वाचतो.

आयकराचे मात्र तसे नाही. "छंद आहे, त्याचा कसला कर?" हे वाक्य मी स्वतः पुष्कळदा उच्चारले होते. छंदाकडे प्रत्येक देश वेगळ्या नजरेने पाहतो, हे नंतर कळले. अमेरिकेत छंदातून आलेले उत्पन्नही विवरणपत्रात दाखवावे लागते, आणि २०१८ पासून हत्यारे, प्रवास, वर्ग असे छंदाचे साधारण खर्च त्यातून वजा करता येत नाहीत. म्हणजे छंद म्हणवून घेणे तिथे तोट्याचेच ठरू शकते. ब्रिटनमध्ये २०१७ पासून अशा किरकोळ व्यवसायाचे वर्षाला १,००० पौंडांपर्यंतचे ढोबळ उत्पन्न करमुक्त आहे. भारतात छंदाच्या कमाईसाठी वेगळा करमुक्त कप्पा नाही. ती एकूण उत्पन्नात मिळवायची, आणि पैसे देणाऱ्या संस्थेने उगमाशी कर कापला असेल तर त्याची नोंद तपासून घ्यायची. ऑस्ट्रेलियाची रीत मला सर्वांत विचारपूर्वक आखलेली वाटते. तिथे निव्वळ छंदाची कमाई सहसा करपात्र उत्पन्नात धरत नाहीत. पण बिलावर व्यवसायाचा क्रमांक नसेल आणि रक्कम ७५ डॉलरवर असेल, तर पैसे देणाऱ्या व्यवसायाला त्यातून ४७ टक्के कापून ठेवावे लागतात. मात्र काम छंद म्हणून केले आहे, असे करखात्याच्या ठरलेल्या फॉर्मवर लिहून दिले, की ही कपात टळते. म्हणजे "हा माझा छंद आहे" हे वाक्य तिथे सहीनिशी लिहून द्यावे लागते. ते खरे आहे का, हे माणसाला सही करताना स्वतःशी पडताळावे लागते, आणि ते मला फार योग्य वाटते.

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण मला खरे तर त्याविषयीच लिहायचे होते.

आपल्या भाषेत मानधन हा एक मोठा सोयीचा शब्द आहे. हौशी माणसाला पैसे देताना तो हमखास वापरला जातो, आणि हौशी माणसालाही तो बरा वाटतो, कारण त्यात पैशाच्या आधी मान येतो. पण मानधनाची रक्कम देणारा ठरवतो. मिळाले ते स्वीकारायचे, कमी वाटले तर मनात ठेवायचे, आणि कधी मिळेल हे विचारायचे नाही, असा सगळा अबोल करार त्या शब्दात दडलेला असतो. बिलाची रक्कम काम करणारा लिहितो. आधी बोलून ठरवलेली असली तरी ती त्याच्या हाताने लिहिली जाते, आणि आकडा लिहिताना आपल्या कामाचे मोल आपणच सांगावे लागते. हौशी माणूस नेमका इथे कच खातो. त्याला वाटते, आपण शिकलेले नाही, आपला हात धंदेवाल्यासारखा चालत नाही, तीन तासांच्या कामाला आपल्याला आठ तास लागतात. यातले शेवटचे खरे आहे, आणि म्हणून मी तासांवर आकारणी करत नाही. माझ्या मंदपणाची किंमत ग्रंथालयाने का मोजावी? मी खंडामागे दर ठरवते, सामानाचा खर्च वेगळा दाखवते, आणि तो दर आसपासच्या व्यावसायिक बांधणीकारांच्या खाली ठेवत नाही. हे शेवटचे ठरवायला मला दीड वर्ष लागले. मला पगार मिळतो, म्हणून मी निम्म्या दरात काम केले तर ज्याचे घर याच कामावर चालते त्याच्या पोटावर मी पाय देते. माझी हौस दुसऱ्याला महाग पडू नये.

बिलासाठी मराठीत बीजक असा जुना शब्द आहे, आणि पैसे पोहोचल्यावर द्यायची ती पावती. "पावणे" म्हणजे मिळणे, पोहोचणे, त्यावरून आलेली. या दोन कागदांची गल्लत करू नये, हेही मी चुकूनच शिकले. एकदा मी बिलाच्या मथळ्यावर "पावती" लिहिले होते, आणि समोरच्याने ते पैसे दिल्याचा पुरावा म्हणून निरागसपणे फाइलला लावून ठेवले. बिल मागते, पावती कबूल करते. तिसरा कागद या दोन्हींच्या आधीचा, दरपत्रकाचा: काय करणार, किती घेणार, कधी देणार. तो आधी गेला असेल तर बिल लिहिताना हात थरथरत नाही, कारण त्यात नवीन काहीच नसते.

बिलावर काय असावे हे फार गूढ नाही. वर "बिल" हा शब्द, माझे खात्यावर आहे तसे पूर्ण नाव आणि पत्ता, संस्थेचे तिच्या कागदोपत्री असलेले पूर्ण नाव, तारीख, क्रमांक, कामाचे वर्णन, नग, दर, बेरीज आकड्यांत आणि अक्षरांत, पैसे देण्याची मुदत, खात्याचा तपशील, सही. कुठे करदात्याचा ओळखक्रमांक लागतो, तर तोही. यातल्या दोन गोष्टींपाशी मात्र थांबले पाहिजे.

एक म्हणजे क्रमांक. पहिल्या बिलावर मी १०१ लिहिणार होते, म्हणजे आधी शंभर बिले झाली आहेत असे दिसावे. नंतरच्या योग्य बिलावर १ लिहिला. क्रमांकाचे काम भारदस्त दिसणे हे नसते. कुठलाही कागद मधून गळालेला नाही, हे तो सांगतो. ४ नंतर ६ आले तर ५ कुठे गेले, हे विचारण्याचा अधिकार कोणालाही मिळतो. म्हणून चुकलेले बिल फाडायचे नाही. त्यावर आडवी रेघ मारून "रद्द" लिहायचे, तारीख घालायची आणि ते तसेच जागेवर ठेवायचे. माझ्या फाइलमध्ये बिल क्रमांक ९ असे रेघ मारलेले आहे. खंड सात होते, मी आठ लिहिले होते.

दुसरी गोष्ट म्हणजे वर्णन. "पुस्तक बांधणी, नग ११" एवढे लिहिले तरी पैसे मिळतात. पण ज्याने काम समोर उभे राहून पाहिलेले नाही, तो माणूस सही करणार असतो, आणि त्याला कळेल असे लिहिणे हा त्याच्याविषयीचा आदर आहे. मी लिहिते: जुनी शिवण काढून फर्मे सुटे केले, पहिल्या आणि शेवटच्या फर्म्याच्या घडीला पातळ कागदाची पट्टी लावली, मेण लावलेल्या लिननच्या दोऱ्याने फीत धरून पुन्हा शिवले, कण्याला गव्हाची खळ लावली, जी पुढे कधी पाण्याने सोडवता येते, मूळ पुठ्ठा ठेवला, कापड नवे. लिहिता लिहिता आपण काय केले याचा आपल्यालाच आढावा मिळतो, आणि एखादे कलम लिहायला हात अडखळला तर तिथे काम कच्चे राहिलेले असते. एकदा मी "फर्मे तपासले" असे लिहिले आणि थांबले, कारण सगळे तपासले नव्हते. उठून तपासले. दोन पाने उलटी लागली होती.

लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाचा १४९४ साली व्हेनिसमध्ये छापला गेलेला ग्रंथ हिशेबाच्या दुहेरी नोंदीच्या पद्धतीसाठी ओळखला जातो. व्यापाऱ्याने तीन वह्या ठेवाव्यात असे तो त्यात सांगतो: घडेल ते घडेल तसे टिपायची स्मरणवही, मग रोजकीर्द आणि मग खतावणी. मला त्यातली पहिली वही जवळची वाटते. घरातल्या कोणीही, जमेल तशा भाषेत, पण सगळा तपशील त्याच वेळी लिहावा अशी ती असते. आपल्याकडे जिला कच्ची वही म्हणत, तिच्याच कुळातली. माझी कच्ची वही बांधणीच्या सामानाच्या डब्यात टोच्याशेजारी असते. पुठ्ठा कधी आणला, दोरा किती गेला, कोणी आगाऊ रक्कम दिली, हे खळ लागलेल्या बोटांनी तिथेच लिहिले जाते. छोट्या रकमा लक्षात राहतील या भरवशावर मी पहिले वर्ष घालवले, आणि वर्षाअखेर कराचे विवरण भरताना दोन रकमा कुठून आल्या ते आठवेना. आता बिलाची प्रत, पैसे आल्याची तारीख आणि सामानाच्या पावत्या एकाच पाकिटात राहतात.

मुदतीविषयीही मी उशिराच शहाणी झाले. "रक्कम लवकर मिळावी ही विनंती" या वाक्याला हिशेब विभागात काही अर्थ नसतो; तिथे तारीख लागते. आता मी "बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत" असे लिहिते आणि तीच तारीख दरपत्रकातही असते. तारीख उलटली की दुसऱ्या दिवशी दोन ओळींचे स्मरणपत्र पाठवते: बिल क्रमांक, रक्कम, ठरलेली तारीख. त्यात दिलगिरी नसते. पूर्वी माझी स्मरणपत्रे दिलगिरीनेच भरलेली असत, आणि ती वाचून समोरच्याला वाटे की या बाईंना पैशांची तशी घाई दिसत नाही. इथे नोंदणी नसल्याची एक खरी उणीव मात्र सांगितली पाहिजे. भारतात २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्याने छोट्या पुरवठादाराला ४५ दिवसांच्या आत पैसे मिळण्याचे संरक्षण दिले आहे, पण ते नोंदणी केलेल्या उद्योगाला मिळते. स्वतःच्या नावाचे बिल पूर्ण वैध असले, तरी अशी एखादी ढाल त्याच्यामागे नसू शकते.

मग नोंदणी करावी केव्हा? काम नाकारण्याची वेळ येऊ लागली, कोणी हाताखाली आले, रक्कम घरखर्चात धरली जाऊ लागली, किंवा सरकारने आखलेली रेषा जवळ आली, म्हणजे करावी. माझ्या बाबतीत यातले काहीही झालेले नाही. महिन्याला एक काम, कधी तेही नाही. मला पुस्तके बांधायला आवडतात, त्यांचे पैसे घेणे मला योग्य वाटते, आणि या दोन गोष्टी एका टेबलावर नांदू शकतात, यावर आता माझा विश्वास बसला आहे.

गेल्या महिन्यात त्याच ग्रंथालयाने आणखी सहा खंड पाठवले. वरच्या खंडाच्या आत माझ्या बिल क्रमांक १ ची झेरॉक्स घडी करून ठेवली होती. वर्णनाच्या रकान्यात दोऱ्याच्या ओळीखाली बाईंनी पेन्सिलने रेघ मारली होती आणि शेजारी बारीक अक्षरांत लिहिले होते, "यालाही हाच."